आजीचं पोर आणि सरकारी रकाना

आपल्याकडे कुणाला ‘आजीनं वाढवलेलं पोर’ म्हटलं की त्यात कौतुक चिमूटभर आणि तक्रार मूठभर असते. लाडावलेलं, हट्टी, साय-साखर खाऊन सोकावलेलं. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांताचा दक्षिण भाग आणि त्याला खेटून असलेलं अमेरिकेतलं मोंटाना, या उघड्या माळावर राहणाऱ्या ब्लॅकफूट लोकांच्या भाषेतही अशा पोरासाठी शब्द आहे. किपिताइपोका. ‘किपिताकी’ म्हणजे म्हातारी बाई, ‘पोका’ म्हणजे मूल. म्हातारीचं पोर. लाड तिथंही होतातच, पण हा शब्द नुसता लाडाचा नाही. घरातलं एखादं मूल आजी-आजोबांजवळ राहायला द्यायचं. त्यांच्या म्हातारपणाला सोबत होते आणि त्यांच्याजवळचं सगळं त्या मुलाला मिळतं. गोष्टी, गाणी, औषधी मुळ्या, कुणाचं कुणाशी काय नातं. ही रीत जुनी आहे आणि पुष्कळ घरांत आजही चालू आहे.

विसाव्या शतकात ही रीत सरकारी कागदावर चढली तेव्हा तिचं नाव बदललं. आई-बाप जिवंत असताना मूल दुसऱ्याकडे राहतं? मग रकान्यात एकच शब्द बसत होता : हेळसांड.

या लेखाचा सगळा वाद त्या रकान्याशी आहे. मुलाचं भलं कशात आहे हे कुणी ठरवायचं, हा प्रश्न कॅनडा-अमेरिकेत इतिहासजमा झालेला नाही. अगदी २०२३ आणि २०२४ मध्ये दोन्ही देशांच्या सर्वोच्च न्यायालयांना त्यावर निकाल द्यावे लागले. माझं मत आधीच सांगून टाकते. ब्लॅकफूटांकडे बालपण घडवणारी पूर्ण यंत्रणा होती. ती अस्तित्वातच नाही असं धरून सरकारनं तिच्यातून मुलं उचलली. आता माफीचे कार्यक्रम झाले, ते चांगलंच झालं, पण मुलांवरचा अधिकार त्या समाजाच्या हाती परत दिल्याशिवाय ती माफी अर्धीच आहे.

ब्लॅकफूट म्हणजे एक टोळी नव्हे. सिक्सिका, काइनाइ आणि पीकानी असे तीन समाज, भाषा एक, सोयरीक आपसात. पीकानींचे पुन्हा दोन भाग झाले, उत्तरेचे कॅनडात आणि दक्षिणेचे मोंटानात, कारण मधून एक सरहद्द गेली आणि ती आखताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. स्वतःला ते नीत्सितापी म्हणतात. खरी माणसं. (असं स्वतःबद्दल न वाटणारा समाज मी तरी अजून पाहिला नाही.) सगळं जगणं बायसन या केसाळ रानगव्यावर : खायला मांस, राहायला त्याच्याच कातड्याचा टीपी, म्हणजे शंकूच्या आकाराचा तंबू, पांघरायला केसाळ कातडं, खरवडायला हाड. अठराव्या शतकात घोडा आला, त्याआधी ओझं कुत्र्यावर असायचं. दोन लांब काठ्या कुत्र्याच्या खांद्यावर बांधायच्या, मागची टोकं जमिनीवर फरफटत, मध्ये सामान. म्हणून घोड्यालाही त्यांनी नाव दिलं ‘पोनोकाओमिता’, सांबरासारखा कुत्रा. एल्क नावाच्या मोठ्या हरणाएवढा आणि कामाला कुत्र्यासारखा. नवीन वस्तूला जुन्या दोन शब्दांत बसवणारी ही भाषा मला फार आवडते.

अशा घरात मूल जन्मलं की त्याला मऊ कातड्याच्या पिशवीत गुंडाळत आणि आत सुकं शेवाळ भरत. ओलं झालं की टाकून द्यायचं, नवीन भरायचं. नाव ठेवायचं काम एखाद्या मान्यवर म्हाताऱ्याचं. मुलींच्या नावांत तर पुष्कळदा लढाई असे, कारण नाव ठेवणारा योद्धा आपल्या पराक्रमातला एखादा प्रसंग त्या तान्ह्या मुलीला देऊन टाकायचा. मुलीचं नाव बहुधा जन्मभर टिके. मुलाचं बदले. पोरसवदा नाव एक, मग पहिल्या मोहिमेवर गेल्यावर मोठ्यांनी थट्टेनं ठेवलेलं दुसरं, आणि ते थट्टेचं नाव पुसायचं असेल तर काहीतरी करून दाखवायचं. आपण मुलांना ‘मोठं नाव कर’ म्हणतो, तिथं ते अक्षरशः करावं लागे.

खेळणी म्हणजे मोठ्यांचं जग लहान करून दिलेलं. मुलींना बाहुल्या आणि बाहुल्यांचे टीपी, मुलांना छोटं धनुष्य. टीपी शिवायचा, उभारायचा बाईनं, आणि त्यावर मालकीही तिचीच. त्यामुळे मुलीचा खेळातला तंबू हा भातुकलीपेक्षा घरमालकिणीच्या उमेदवारीच्या जास्त जवळ होता. सहा-सात वर्षांची मुलं घोड्यावर चांगली बसू लागत, मुलीसुद्धा. मारणं क्वचित. शिक्षा म्हणजे तोंडावर थंड पाण्याचा हबका, किंवा चारचौघांत थट्टा, आणि थट्टा ही पाण्यापेक्षा झोंबायची. कडाक्याच्या हिवाळ्यात मुलांना नदीच्या गार पाण्यात बुडी मारायला लावत. हे वाचून आज कुणालाही अंगावर काटा येईल, आणि यावा. पण ज्या मुलाला उद्या उणे तीस अंशांत शिकारीवर जायचं आहे त्याच्या आई-बापाचा हिशेब वेगळा होता.

आता एक गोष्ट जरा जवळून पाहू. आल्बर्टात फोर्ट मॅक्लाउडजवळ एक कडा आहे, ‘हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप’. १९८१ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि सुमारे सहा हजार वर्षं तिथं एकाच पद्धतीनं शिकार होत आली. बायसनांचा कळप कड्यावरून खाली पाडायचा. सांगायला सोपं. पण एका बायसनचं वजन कित्येकशे किलो, कळप शेकड्यांचा, आणि माणसं पायी. धाकदपटशा करून हे होत नाही. कड्याकडे नेणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना काही किलोमीटर दगडांच्या लहान लहान राशी रचलेल्या, त्यांच्याआड माणसं. आणि कळपाच्या पुढं, वासराचं कातडं पांघरून, एखाद-दोन तरुण पोरं. चुकलेल्या वासरासारखं हंबरायचं. कळपातल्या माद्यांनी ते ऐकायचं आणि मागं यायचं. मागच्या बाजूनं दुसरे, लांडग्याचं कातडं घालून, कळप एकत्र राहील एवढीच भीती दाखवणारे. वारा फिरला, वास गेला, हंबरणं जरा खोटं वाटलं, की दिवसांची मेहनत वाया आणि हिवाळ्यात उपास.

ते हंबरणं कुठल्या शाळेत शिकवतात? त्या पोराला वाऱ्याची दिशा कळायला हवी. कळप माद्यांच्या मागं चालतो हे कळायला हवं. घाबरलेलं वासरू आणि भुकेलं वासरू यांच्या आवाजातला फरक गळ्यातून काढता यायला हवा. हे दहा-बारा वर्षं मोठ्यांच्या पाठीमागं राहून, गप्प बसून, बघून येतं. त्या जागेचं नाव पडलं तेसुद्धा एका पोरावरून. सांगतात की त्याला वरून पडणारे बायसन खालून बघायचे होते, म्हणून तो कड्याच्या पोटात चिकटून उभा राहिला. त्या वर्षी शिकार नेहमीपेक्षा जास्त झाली, ढीग वाढत गेला आणि त्याची कवटी चेचली गेली. ‘जिथं त्याचं डोकं फुटलं ती जागा’. बघायची हौस कुठवर करावी याचा धडा आजही त्या कड्याला चिकटून आहे.

मुलं मोठी होऊ लागली की वयाप्रमाणे मंडळांत जात. सगळ्यात खाली पारवे, मग डास, मग वरचे. डासांच्या नाचात मनगटाला गरुडाची नखं बांधायची आणि बघणाऱ्यांना पळवून पळवून ओरबाडायचं, डासासारखं. पोरांना हे किती आवडत असेल ते सांगायला नको. पण यातली खरी गंमत वर सरकण्यात होती. वयाचा अख्खा गट वरच्या गटाकडून त्यांची गाणी, खुणा, हक्क विधिपूर्वक घेई आणि त्याचं मोल देई. मोल घोड्यांत, वस्तूंत. गाणं नुसतं ऐकून पाठ झालं म्हणजे ते तुमचं होत नसे. ज्याच्याकडे ते आहे त्यानं ते तुमच्या हाती सोपवावं लागे, साक्षीदारांसमोर, आणि सोपवल्यावर त्याचा स्वतःचा हक्क संपे. ज्ञान हे हातातून हातात जायचं. म्हणूनच मधला एक हात तुटला तर काय होतं, हे पुढं फार क्रूरपणे दिसलं.

इथं थांबून दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर हा लेख पर्यटन खात्याचं पत्रक होईल. हे काही रामराज्य नव्हतं. क्री आणि क्रो लोकांशी लढाया सतत, घोडे चोरण्याच्या मोहिमांवर कोवळी पोरं जात आणि सगळी परत येत नसत. एकेका पुरुषाच्या अनेक बायका, मुलींची लग्नं लहानपणी आणि अनेकदा थोराड पुरुषांशी. व्यभिचार केला म्हणून बाईचं नाक कापण्याची शिक्षा होती, नवऱ्याला अशी शिक्षा असल्याचं कुणी लिहून ठेवलेलं नाही. ज्यांना जुनं ते सगळं सोनं वाटतं त्यांनी त्या बाईचा चेहरा डोळ्यांसमोर आणावा. पण एखाद्या समाजात अन्याय आहे म्हणून त्याची मुलं उचलून नेण्याचा परवाना मिळतो, असं असेल तर जगात कुठलीच आई सुरक्षित नाही.

आता मॅझ्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाबद्दल. मी बीएडला असताना फळ्यावर तो त्रिकोण काढून घेतला होता, गरजांची उतरंड : खाली भूक-तहान, मग सुरक्षितता, वर वर जात शेवटी आत्मपूर्ती. मराठीत शिकलेला एकही शिक्षक त्यातून सुटलेला नाही. हाच अब्राहम मॅझ्लो १९३८ च्या उन्हाळ्यात सिक्सिकांच्या रिझर्व्हवर, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, काही आठवडे राहिला होता. तिथली माणसं मनानं इतकी निर्धास्त कशी, याचं त्याला आश्चर्य वाटलं. श्रीमंत कोण, तर ज्यानं जास्त वाटून टाकलं तो, हेही त्यानं पाहिलं. त्यानं पुढं सांगितलेला एक प्रसंग मला विसरता येत नाही. एक अगदी लहान मूल लाकडी खोलीचं जड दार ढकलत होतं. उघडत नव्हतं. गोऱ्या माणसानं उठून दार उघडून दिलं असतं. घरातले ब्लॅकफूट मोठे अर्धा तास बसून राहिले. मूल कण्हत-कुंथत होतं, घामाघूम झालं. शेवटी दार उघडलं, आणि मग सगळ्यांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं.

समाजमाध्यमांवर अलीकडे एक गोष्ट फिरते की मॅझ्लोनं तो त्रिकोण ब्लॅकफूटांकडून चोरला आणि त्यांचा टीपी उलटा करून छापला. ऐकायला छान आहे, पण पुरावा नाही. त्रिकोण तर मॅझ्लोनं स्वतः काढलेलाही नाही, तो नंतर दुसऱ्यांनी काढला. मला या गोष्टीत खटकतं ते वेगळंच. ब्लॅकफूटांचं मोठेपण सिद्ध करायला आपल्याला पुन्हा आपलाच अभ्यासक्रम लागतो. त्यांनी आपल्याला काहीतरी दिलेलं असलं तरच ते मोलाचे. आणि या सगळ्या चर्चेत कुणी हे विचारत नाही की १९३८ मध्ये, मॅझ्लो जेव्हा त्या समाजाच्या निर्धास्तपणावर टिपणं काढत होता, तेव्हा त्याच रिझर्व्हवरच्या दोन निवासी शाळांत त्याच समाजाची मुलं आई-बापांपासून तोडून ठेवलेली होती. एका शाळेचं नाव ओल्ड सन, दुसरीचं क्रोफूट. दोन्ही नावं सिक्सिकांच्याच थोर सरदारांची. दारावर पूर्वजाचं नाव, आत त्याची भाषा बोलायला बंदी.

तिथवर गोष्ट कशी आली? देवीच्या साथींनी आधीच कंबरडं मोडलं होतं. २३ जानेवारी १८७० ला मोंटानात मरायस नदीकाठी अमेरिकेच्या सैन्यानं हेवी रनर या सरदाराच्या तळावर पहाटे गोळीबार केला. शोधत होते दुसऱ्याच माणसाला. तळात देवीची साथ होती, मेले ते १७० हून जास्त, बहुतेक बायका, म्हातारी आणि मुलं. मग बायसन संपले. एका पिढीत कोट्यवधींचे शेकड्यांवर आले. १८८३-८४ च्या हिवाळ्यात मोंटानातल्या ब्लॅकफूटांपैकी सुमारे ६०० माणसं उपाशी मेली, सरकारी धान्य पुरेसं आलंच नाही. यानंतर जो माणूस म्हणतो की मुलं उपाशी होती, शाळेत निदान जेवण मिळालं, त्याला विचारायला हवं की भूक कुणी आणली.

बरं, ब्लॅकफूट शाळेच्या विरोधात होते का? नाही, आणि हा मुद्दा नेहमी सुटतो. २२ सप्टेंबर १८७७ ला बो नदीकाठच्या ब्लॅकफूट क्रॉसिंगला कॅनडाशी करार क्रमांक ७ झाला. त्यात लिहिलंय की हे लोक आपापल्या रिझर्व्हवर स्थिरावले आणि त्यांना शिक्षक हवे असं वाटलं, की मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांचा पगार सरकार देईल. शब्द नीट वाचा. शिक्षक यायचे होते, आणि तेही यांना हवे तेव्हा. मुलं जायची नव्हती. सात वर्षांनी, १८८४ मध्ये, हाय रिव्हरजवळ डनबोची औद्योगिक शाळा निघाली, प्रमुख फादर लाकोंब, आणि पहिल्या विद्यार्थ्यांत ब्लॅकफूट मुलगे. ते पळून गेले, ऐकेनात. लाकोंबचं निदान असं की ही मुलं वयानं फार मोठी आहेत, आपल्या लोकांच्या चालीरीती यांच्यात मुरल्या आहेत, यांचा उपयोग नाही. म्हणजे शाळेच्या प्रमुखानंच लिहून दिलं की मुलं कोरी नव्हती, शिकूनच आली होती. त्यावर उपाय काय काढला, तर याहून लहान आणा.

१९२० मध्ये सक्तीचा कायदा झाला. कॅनडाभर सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली. १९०७ मध्येच सरकारचाच वैद्यकीय अधिकारी पीटर ब्राइस यानं १५ शाळांची पाहणी करून कळवलं होतं की तिथं आलेल्या मुलांपैकी सुमारे २४ टक्के मेली आहेत, मुख्यतः क्षयानं. अहवाल बाजूला ठेवला गेला. केस कापणं, नावाऐवजी नंबर, भाषा तोंडातून आली की मार, लैंगिक अत्याचार, हे सगळं आता चौकशी आयोगापुढच्या हजारो साक्षींत नोंदलं आहे. आयोगाचा अहवाल २०१५ चा. मी त्याची यादी इथं देत नाही. मला त्यातली एकच साधी गोष्ट पकडायची आहे. शाळेत आजी नव्हती. दहा वर्षं वसतिगृहात काढलेल्या मुलीनं कुणाला मूल वाढवताना पाहिलंच नाही. हातातून हातात जाणारं ज्ञान तिच्यापाशी येऊन थांबलं. तिला मूल झालं तेव्हा तिच्याकडे ना आजीची रीत होती, ना गोऱ्यांची. काहीजणी दारूकडे गेल्या. आणि मग १९६० च्या सुमाराला दारात समाजकल्याण खात्याची बाई आली, हातात अर्ज घेऊन.

त्या बाईला राक्षसीण करायची गरज नाही. बहुतेकींचा हेतू चांगलाच असणार. पण तिच्या अर्जात कुटुंब म्हणजे आई, बाप आणि मुलं. आजीकडे राहणारं मूल तिला सोडून दिलेलं दिसलं. अमेरिकेच्या संसदेपुढं १९७८ च्या अहवालात हे स्वच्छ मांडलं गेलं : आदिवासी मुलाला जबाबदार मानावेत असे जवळचे नातेवाईक शंभराच्या वर असू शकतात, आणि मूल त्यांच्याकडे ठेवणं हीच हेळसांड समजून आई-बापांचे हक्क काढून घेतले जातात. त्या काळातल्या पाहण्यांनुसार देशभरातली २५ ते ३५ टक्के आदिवासी मुलं घराबाहेर काढली गेली होती, बहुतेक आदिवासी नसलेल्या घरांत. त्यावर त्याच वर्षी कायदा झाला. मूल काढावंच लागलं तर आधी त्याच्या विस्तारित कुटुंबात, मग त्याच्या जमातीत, मग दुसऱ्या आदिवासी घरात. पहिलं दार आजीचं.

या कायद्याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. ते म्हणतात, मूल ही समाजाची मालमत्ता नाही. मार खाणाऱ्या तीन वर्षांच्या मुलीला आपली जमात, आपली भाषा यांचं काय कौतुक? तिला आज रात्री सुरक्षित झोप हवी. आणि वंश बघून घर ठरवणं हा भेदभावच नव्हे का? यातला पहिला भाग मला पटतो. रिझर्व्हवर व्यसनांनी माणसं मरताहेत, काइनाइंना २०१५ मध्ये फेंटानिल या मादक द्रव्यामुळे आणीबाणी जाहीर करावी लागली होती. धोक्यातलं मूल उचलायलाच हवं, त्याच रात्री. पण उचलून न्यायचं कुठं, हा त्यानंतरचा प्रश्न आहे, आणि तिथंच मला विरोधकांचं पटत नाही. शेजारच्या वाड्यावर मावशी असताना मूल चारशे किलोमीटरवर अनोळखी घरी का? ‘मुलाचं हित’ हा शब्द तराजूसारखा निःपक्षपाती वाटतो, पण तराजूत वजनं कुणाची आहेत? स्वतंत्र खोली, आई-बापांची स्थिर नोकरी, दोन गाड्या, यांना वजन आहे. जिला शंभर नातेवाइकांची नावं पाठ आहेत त्या म्हातारीला वजन नाही. वंशाचं म्हणाल तर ही जमात म्हणजे रक्तगट नव्हे, करार केलेला एक राजकीय समाज आहे. कॅनडात व्हिक्टोरिया राणीच्या नावानं करार झाला तो रक्तगटाशी नव्हे. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी हा कायदा कायम ठेवला, वंशभेदाच्या मुद्द्यात मात्र न्यायालय शिरलंच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडाच्या न्यायालयानं तिथला तसाच कायदा वैध ठरवला. कायदा आहे म्हणून काम झालं असं मात्र कुणी समजू नये. कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेत १५ वर्षांखालच्या मुलांत आदिवासी ७.७ टक्के, आणि सरकारनं दुसऱ्यांच्या घरी ठेवलेल्या मुलांत ५३.८ टक्के.

अधिकार परत मिळाला की लोक काय करतात, हेही पाहण्यासारखं आहे. मोंटानातल्या ब्राउनिंगला १९८७ मध्ये डॅरेल किप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीगन इन्स्टिट्यूट काढली आणि १९९५ मध्ये फक्त ब्लॅकफूट भाषेतून शिकवणारी शाळा. किप यांचा सल्ला असा होता की आपली भाषा वाचवायला कुणाची परवानगी मागू नका, आणि भीकही मागू नका. सिक्सिकांच्या ओल्ड सन शाळेत १९७१ मध्ये महाविद्यालय सुरू झालं आणि पुढं ते त्यांच्याच हाती आलं, इमारत तीच. ज्या व्हरांड्यात भाषेसाठी मार मिळाला तिथं आता भाषेचा वर्ग भरतो. माझ्या ओळखीतल्या काहींना हे फार हृद्य वाटतं. मला त्यात नाइलाजही दिसतो, कारण दुसरी पक्की इमारत सरकारनं बांधून दिलीच कुठं होती. आपल्याकडच्या आश्रमशाळांशी याची तुलना करायचा मोह होतो. करत नाही. इथं आई-बाप बहुतेक वेळा स्वतः मूल आणून सोडतात, इतिहास वेगळा आहे, आणि घाईत केलेल्या तुलनेनं दोन्हीकडचं सत्य पातळ होतं.

माझी मावसबहीण कॅलगरीला असते. ते शहर करार क्रमांक ७ च्याच जमिनीवर आहे, आणि तिच्या लेकीच्या शाळेत कुठलाही कार्यक्रम सुरू होताना सिक्सिका, काइनाइ, पीकानी ही नावं आदरानं घेतली जातात. ३० सप्टेंबरला पोर नारिंगी टी-शर्ट घालून जाते, निवासी शाळांची आठवण म्हणून. नारिंगी का, तर १९७३ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या फिलिस वेबस्टॅड या सहा वर्षांच्या मुलीला शाळेच्या पहिल्या दिवसासाठी नवा नारिंगी शर्ट घेऊन दिला होता आणि शाळेनं तो आल्याआल्या काढून घेतला. शर्ट घेऊन दिला होता आजीनं.

उन्हाळ्यात ही मंडळी जवळच्या ओकोटोक्सला सहलीला गेली होती. तिथं सपाट माळावर घराएवढा एक दगड दुभंगून पडला आहे. त्याची ब्लॅकफूट गोष्ट नापीची. नापी म्हणजे ‘म्हातारा’, अर्धा देव आणि अर्धा वेडपट, हिवाळ्याच्या रात्री मुलांना सांगायच्या गोष्टींचा नायक. एकदा उकडत होतं म्हणून त्यानं आपली पांघरायची कातडी या दगडाला देऊन टाकली. मग पाऊस आला, गारठला, आणि ती परत घेतली. दगड चिडून गडगडत त्याच्या मागं लागला. शेवटी वटवाघळांनी दगड फोडला तेव्हा नापीचा जीव वाचला. दिलेलं परत घ्यायचं नसतं, हे चार वर्षांच्या पोरालाही कळेल. करार करून दिलेलं पुढं परत घेणाऱ्या सरकारला ही गोष्ट कुणी सांगितली नसावी.

मावशी सध्या सुपर व्हिसावर, म्हणजे मुलांकडे लांब मुक्कामाला येणाऱ्या आई-बापांच्या व्हिसावर, तिकडे आहे. लेक-जावई दोघं नोकरीला, त्यामुळे नातीला उठवणं, वेणी, डबा, शाळेतून आणणं, सगळं तिच्याकडे. नात मराठी बोलते ती मावशीचीच, कोल्हापुरी हेल काढून. पहिल्या दिवशी शाळेच्या दारात एक कागद भरायचा होता, मुलाला कोण न्यायला येणार आणि नातं काय. मावशीनं इंग्रजीत आजीला काय म्हणतात ते लेकीकडून लिहून आणलं होतं, ते रकान्यात उतरवलं. बाईंनी कागदाकडे पाहिलं, हसून मान डोलावली आणि पोरीला बाहेर पाठवलं.